कोकणातली वीज, पाणी, रस्ते आणि मोबाइल: वादळ-पुरात टिकवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोणासाठी लिहिलं आहे?

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले ग्रामपंचायत व नगरपरिषद सदस्य, पाणीपुरवठा समित्या, शाखा अभियंते आणि ज्यांना आपल्या गावाची काळजी आहे अशा सगळ्यांसाठी. गोव्यातल्या वाचकांनाही यातलं बरंच लागू पडेल, कारण पाऊस, जांभा आणि खारी हवा तिकडेही तीच आहे. वादळ येण्याआधी काय करून ठेवायचं, यावरच इथे भर आहे. मदतवाटपाबद्दल इथे काही नाही.

कोकणाला वादळं आणि पूर नवे नाहीत. मग आताच एवढी तयारी कशाला?

पाऊस जुनाच आहे, पण येण्याची रीत बदलली आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आलं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात थेट किनाऱ्यावर चढलं. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ सगळा किनारा घासत गुजरातकडे गेलं. दोनच महिन्यांनी, २२-२३ जुलैला, महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मि.मी. पाऊस पडला. चिपळूण, महाड पाण्याखाली गेलं आणि तळियेवर दरड आली. अरबी समुद्राचं पाणी तापतं आहे आणि तिथली वादळं वाढली आहेत, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासांतून दिसतं.

आपले खांब, मोऱ्या, जॅकवेल (नदीतून पाणी उचलणाऱ्या पंपाच्या विहिरी) आणि पूल मात्र बहुतेक जुन्या हिशोबाने बांधलेले आहेत.

‘निळी रेषा’ आणि ‘लाल रेषा’ म्हणजे काय? २५ वर्षांतून एकदा येणारा पूर एकदा आला, की पुढची २५ वर्षं निर्धास्त राहायचं का?

नाही. यासारखा घातक गैरसमज दुसरा नाही. निळी रेषा ही सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. याचा खरा अर्थ असा, की दरवर्षी निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता १०० पैकी ४ असते. गेल्या वर्षी पूर आला होता की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही.

३० वर्षं चालवायच्या पंपघराचा हिशोब करून पाहा. तेवढ्या काळात निळ्या रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे ७० टक्के आणि लाल रेषेपर्यंत येण्याची सुमारे २६ टक्के. निळ्या रेषेच्या आत बांधलेलं पंपघर बुडणार, हे जवळपास धरूनच चालावं. शिवाय या रेषा जुन्या पावसाच्या नोंदींवर आखलेल्या असतात. म्हणून लाल रेषेच्या वर आणखी किमान ६० सें.मी. ही आमच्या मते कमीत कमी पातळी आहे.

वीज गेली की पाणी जातं हे समजलं. पण वादळानंतर सगळंच एकदम का बंद पडतं?

कारण आपण या चार वेगळ्या यंत्रणा मानतो, पण जमिनीवर त्या एकमेकींच्या गळ्यात गळा घालून उभ्या असतात. माड तारेवर पडतो आणि फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे येणारी वीजवाहिनी, ट्रिप होऊन बंद पडतो. नळयोजनेचा पंप थांबतो. मोबाइल टॉवरची बॅटरी चार-आठ तास चालते, मग टॉवरला डिझेल लागतं. डिझेल आणायचं तर रस्त्यावर झाडं पडलेली. रस्ता मोकळा झाला तरी पेट्रोल पंपाला वीज नसते. लाइनमनला कुठे काय तुटलंय हे कळवायला रेंज नसते. त्यात रस्ता साफ करणारा जेसीबी कडेला पुरलेली फायबर केबल आणि पाण्याची पाइपलाइनही ओढून तोडतो.

म्हणूनच ‘आमचं खातं तयार आहे’ हे उत्तर पुरत नाही. कागदाच्या एका मोठ्या तावावर गावाचा नकाशा काढा आणि प्रत्येक पंप, टॉवर, दवाखाना, पेट्रोल पंप कोणत्या फीडरवर आहे, तिथे जायला किती रस्ते आहेत, हे त्यावर लिहा. ज्या ठिकाणी वीज, पाणी, रस्ता आणि मोबाइल यांपैकी तीन रेघा एकत्र येतात, तिथे पहिला पैसा खर्च करा. बहुतेक गावांत अशा जागा दोन किंवा तीनच निघतात: एखादं उपकेंद्र, एखादी मोरी, एखादा पूल.

विजेचे खांब नेमके कशाने पडतात?

एकट्या वाऱ्याने पडतात त्यापेक्षा झाड तारांवर पडल्याने जास्त. झाड पडतं, तार तुटत नाही, ती खांबाला ओढते आणि मग पत्त्यांच्या बंगल्यासारखे पुढचे पाच-सात खांब जातात.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८५ कि.मी.चा वारा १२० वर गेला, तर वेग दीडपटही झालेला नसतो, पण जोर दुप्पट होतो. नेहमीच्या वावटळीत टिकलेला खांब वादळात टिकेलच असं म्हणूनच सांगता येत नाही.

बुंध्याशी काय चुकतं ते जवळून पाहा. खांबाच्या लांबीचा सहावा भाग जमिनीत असायला हवा, म्हणजे ९ मीटरच्या सिमेंटच्या खांबाचा दीड मीटर. कातळावर खणायला कष्ट पडतात, म्हणून खड्डा मीटरभरावरच थांबतो आणि वरून दगडमाती लोटली जाते. भातखाचरात उलटं होतं: खोली बरोबर असते, पण जुलैत माती चिखल होते आणि खांब कलतो. उपाय महाग नाही. मऊ जमिनीत ६० बाय ६० सें.मी.चा पूर्ण खोलीचा खड्डा घेऊन त्यात १:३:६ चं (सिमेंट, वाळू, खडी या प्रमाणात) काँक्रीट भरायचं. खांबामागे साधारण अर्धा घनमीटर लागतं. कातळात खोली मोजूनच बिल मंजूर करायचं.

दुसरं म्हणजे कटपॉइंट. दर आठ-दहा स्पॅननंतर (दोन खांबांमधल्या अंतराला स्पॅन म्हणतात) एक खांब असा हवा, की ज्याला दोन्ही दिशांनी ताण आहे आणि जिथे तार संपून पुन्हा सुरू होते. साखळी तिथे तुटते आणि नुकसान त्या टप्प्यापुरतं राहतं. बरेचदा ताणाची तार असते, पण जमिनीतला रॉड गंजलेला असतो. हाताने हलवून पाहा. हलला तर तो ताण नाही.

लघुदाबाच्या उघड्या तारांच्या जागी एरियल बंच केबल, म्हणजे आवरण असलेल्या तारांचा पीळ, टाकली, तर फांदी टेकल्याने होणारे बिघाड बरेच कमी होतात. बागायतीतून जाणाऱ्या लाइनला हा बदल सगळ्यात आधी हवा.

मग सगळ्या तारा जमिनीखालूनच का नेत नाहीत?

वाऱ्याच्या पट्ट्यात नेल्याच पाहिजेत. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून अलिबागमध्ये हे काम झालं आहे. किनाऱ्यालगतची दाट वस्ती, दवाखान्याचा फीडर आणि पाणीयोजनेचा फीडर इतकं जरी भूमिगत झालं, तरी मोठा फरक पडतो.

पण पुराच्या पट्ट्यात सावध राहा. केबल पाण्यात टिकते, तिचे सांधे, रिंग मेन युनिट (वीज एका बाजूने बंद करून दुसऱ्या बाजूने वळवणारी स्विचपेटी) आणि फीडर पिलर (रस्त्याकडेची वीजवाटप पेटी) टिकत नाहीत. चिपळूणच्या बाजारपेठेसारख्या ठिकाणी ही उपकरणं पुराच्या पातळीच्या वर, ओट्यावर किंवा लोखंडी मचाणावर हवीत. जमिनीखालचा बिघाड शोधायलाही वेळ लागतो, त्यासाठी वेगळी गाडी आणि माणसं लागतात. म्हणून केबल टाकायची तर रिंग करा, दोन्ही टोकांनी वीज येईल अशी. एकाच टोकाची भूमिगत लाइन म्हणजे खर्च करून विकत घेतलेली अडचण.

११ केव्हीची केबल किमान ९० सें.मी. खोल हवी. खाली-वर वाळू, त्यावर विटा किंवा फरश्या आणि मार्गावर दिसतील असे दगड. हे दगड नसले की पुढच्या पावसाळ्यात जेसीबी केबल तोडणार.

पहिल्या रिमझिमीलाच वीज का जाते? तेव्हा तर वारासुद्धा नसतो.

उन्हाळाभर खारी हवा चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवते. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी असतो. हलक्या सरीने भिजला की त्यातून वीज वाहते आणि ठिणगी पडते. मोठी सर तो धुऊन टाकते, म्हणून नंतर त्रास कमी होतो. किनारपट्टीला जास्त सरपट-अंतराचे (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून विजेला जितकं लांब सरपटावं लागतं ते अंतर), दर केव्हीला ३१ मि.मी. असे, पॉलिमर इन्सुलेटर वापरावेत आणि मेमध्ये एकदा धुलाई करावी.

नळपाणी योजनेत पुराने सगळ्यात आधी काय मरतं?

पॅनल. विहिरीतला सबमर्सिबल पंप पाण्यातच राहायला बनलेला असतो, त्याला काही होत नाही. पण भिंतीवर चार फुटांवर लावलेला स्टार्टर आणि कॅपॅसिटर बुडतात आणि योजना आठवडाभर बंद पडते. पॅनल वरच्या मजल्यावर किंवा जिन्याने जाता येईल अशा मचाणावर नेण्याचा खर्च नव्या पॅनलपेक्षा कमी असतो. एवढं एक काम जरी या वर्षी झालं तरी चालेल, इतकं ते महत्त्वाचं आहे.

मोटर बुडालीच, तर ती लगेच चालू करून पाहू नका. गाळाचं पाणी गेलेली मोटर आधी गोड्या पाण्याने धुवा, ६०-७० अंशांवर सुकवा, बेअरिंगचं ग्रीस बदला आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा. ४१५ व्होल्टच्या मोटरला किमान दीड मेगाओहम दाखवलं तरच जोडा. घाईने चालू केलेली मोटर जळते, आणि रिवाइंडिंगला तालुक्याला नेलेली मोटर पुराच्या दिवसांत लवकर परत येत नाही.

‘निसर्ग’सारखा इशारा आला की उंच टाकी काठोकाठ भरा. वीज गेली तरी गावाला तेवढं पाणी हाताशी राहतं. घरावरच्या प्लॅस्टिकच्या टाक्याही भरून ठेवा, कारण रिकाम्या उडतात.

जनरेटर किती मोठा घ्यायचा? डिझेल किती लागेल?

१५ अश्वशक्तीचा पंप धरू. चालताना तो साधारण साडेबारा किलोवॅट घेतो, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर ३० केव्हीए पुरतो. डायरेक्ट स्टार्टरवर तोच जनरेटर धापा टाकून बंद पडेल. डिझेल तासाला चार ते पाच लिटर. रोज सहा तास, सात दिवस म्हणजे ४२ तास, अर्थात सुमारे २०० लिटर, एक बॅरल. हा साठा मेअखेर गावात असायला हवा. साठवणुकीचे नियम तहसील कार्यालयातून समजून घ्या.

प्रत्येक गावाने जनरेटर घ्यायची गरज नाही. पाच-सहा गावांत ट्रॉलीवरचा एक पुरतो, फक्त प्रत्येक पंपघरात त्याचा प्लग बसेल असं सॉकेट आणि चेंजओव्हर (लाइन किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा स्विच) आधी बसवलेलं हवं. ट्रॉली पोचली पण जोडायला काही नाही, असंच बहुतेकदा होतं. दर महिन्याला अर्धा तास भार देऊन चालवा. नुसता रिकामा चालवला की बिघाड लपून राहतो.

पुरानंतर विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची?

व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, ०.७८५ ने गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ घनमीटर, २८,००० लिटर. रोजच्यासाठी हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे १४० ग्रॅम. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीला शक्य तेवढा उपसा करून पहिल्या वेळी दुप्पट. हा हिशोब ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचा आहे. उघड्या पोत्यातली वर्षभर जुनी पावडर चुन्याएवढीच कामाची.

पावडर बादलीत कालवा, साका बसू द्या, वरचं निवळ पाणी बादलीने विहिरीत खोलवर सोडून हलवा. एका तासाने ओटी टेस्ट (पाण्यात उरलेलं क्लोरीन रंगावरून दाखवणारी चाचणी) करा. नेहमी लिटरला ०.२ मि.ग्रॅ. पुरतं, पुरानंतर ०.५ दिसायला हवं. नाही दिसलं तर पुन्हा मात्रा.

दरवर्षी त्याच मोरीवरून रस्ता का वाहून जातो?

कारण दरवर्षी तोच ६०० मि.मी.चा पाइप पुन्हा घातला जातो. गणित सोपं आहे. हेक्टरमधलं क्षेत्र, तासाला पडणारा मि.मी. पाऊस आणि वाहून जाणारा हिस्सा यांचा गुणाकार करून ३६० ने भागा. २० हेक्टरचा उतार, तासाला ८० मि.मी. सर, भिजलेल्या जमिनीवरून ०.६ हिस्सा: सेकंदाला २.७ घनमीटर पाणी. ६०० मि.मी.च्या पाइपातून सेकंदाला दोन मीटर वेगाने जेमतेम ०.५७ जातं. पाच पाइप लागतील, आपण एक घालतो.

व्यास दुप्पट केला की वाट चौपट होते. १,२०० मि.मी.चे दोन पाइप किंवा सरळ स्लॅबची मोरी करा. मोठ्या व्यासाचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: त्यात माणूस वाकून शिरू शकतो. ६०० च्या पाइपात आत अडकलेली फांदी, तिच्यावर माडाची झावळी, त्यात प्लॅस्टिक आणि मागे गाळ असा बूच बसतो आणि तो बाहेरून निघत नाही. मोरीच्या पाच-सात मीटर वर तिरकी लोखंडी जाळी लावा, गजांत १५-२० सें.मी. अंतर ठेवून. कचरा तिथे अडतो, पाणी वरून जातं. खालच्या तोंडाशी दगडी फरसबंदी नसेल तर पाणी तिथून खणत मागे येतं आणि रस्ता खालून पोकळ करतं. वरून डांबर शाबूत दिसतं, ट्रक गेला की खचतं.

घाटात संरक्षक भिंत बांधूनही दरड का येते?

भिंत माती अडवते, पाणी अडवू शकत नाही. वर जांभा, खाली चिकण माती अशी कोकणातली रचना. जांभ्यातून पाणी सहज उतरतं, चिकण मातीवर थांबतं आणि वरचा थर त्यावरून घसरतो. डोंगर कापून रस्ता रुंद केला की त्या थराचा पायच काढून घेतला जातो. परशुराम घाटात हे सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून आधी पाणी काढायचं. कड्याच्या वर आडवा चर, पक्का आणि उताराचा. कड्यात किंचित वर तिरपे घातलेले ७५-१०० मि.मी.चे छिद्रांचे पाइप, जिओटेक्स्टाइल गुंडाळलेले. भिंतीतली छिद्रं मोकळी आणि मागे दगडगोट्यांचा थर. पावसात छिद्रांतून पाणी येत नसेल तर ती बुजली आहेत, आणि भिंतीमागे दाब साठतो आहे. वर माथ्यावर नवी भेग दिसली तर ती प्लॅस्टिकने झाका आणि त्याच दिवशी तहसीलला कळवा.

जुना पूल सुरक्षित आहे हे कसं ओळखायचं?

वरून ओळखता येत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसटी बस वाहून गेल्या. पूर पायाजवळची वाळू-माती खणून नेतो आणि ओसरताना सैल गाळाने तो खड्डा भरतो, त्यामुळे उन्हाळ्यात पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. पावसाळ्यानंतर पायाजवळची खोली मोजायला लावा आणि जुन्या नोंदीशी ताडा. पुलावर ठळक रंगाने धोक्याची पातळी आखा. पाणी तिथे आलं की वाहतूक बंद करण्याचा अधिकार कोणाचा, साखळी कोण लावणार, हे नावानिशी ठरलेलं असावं.

कोकण रेल्वेकडून काय शिकता येईल?

थांबायचं कधी, हे आधी ठरवून ठेवणं. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरडीमुळे झालेल्या अपघातानंतर कातळ उतरवणं, जाळ्या, गस्त असं बरंच काम झालं. स्थानकांवर पर्जन्यमापक, मोठ्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं, काळ, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. जोराच्या पावसात दिसेनासं झालं की गाडीचा वेग ताशी ४० वर येतो. तिथे कोणालाही वाद घालावा लागत नाही, आकडा आला की कृती. आपल्या घाटरस्त्यांनाही असाच आकडा हवा.

मोबाइलची रेंज टिकवण्यासाठी गाव काय करू शकतं?

टॉवर कंपनीकडून बॅटरी किती तास चालते आणि जनरेटर आहे की नाही, हे लेखी मागा. टॉवरपर्यंतचा रस्ता झाडं तोडण्याच्या पहिल्या यादीत टाका. मोठ्या आपत्तीत दूरसंचार विभाग सर्व कंपन्यांना एकमेकांचे ग्राहक घ्यायला लावू शकतो, तेव्हा फोनमध्ये नेटवर्क हाताने निवडून पाहा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि विजेचा १९१२ हे नंबर भिंतीवर रंगवा, फोनमध्ये नव्हे.

खारबंधारे यात कसे येतात?

खाडीचं खारं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या या बंधाऱ्याला खांड गेली, म्हणजे तो फुटला, की नुसतं शेत जात नाही, पिण्याच्या विहिरी मचूळ होतात आणि त्यामागचा रस्ता व खांब उघडे पडतात. खेकड्यांची बिळं, अडकलेल्या उघाड्या (शेतातलं पाणी बाहेर सोडणारी झडपेची दारं) आणि बंधाऱ्यासमोरचं तोडलेलं कांदळवन ही तीन कारणं. उघाडीची झडप मेमध्ये ओहोटीला उघडून पाहा.

कोणतं मानक मागायचं?

वाऱ्याच्या भारासाठीचं आयएस ८७५ भाग ३, २०१५ ची आवृत्ती. त्यात रुग्णालयं, निवारे, संपर्क मनोरे यांसाठी वाऱ्याचा वेग १.३० पटीने वाढवून धरायला सांगितलं आहे, पण तो नियम पूर्व किनारा आणि गुजरातपुरता. कोकण त्यात नाही. ‘निसर्ग’नंतर ही उणीव स्वीकारायचं कारण उरलेलं नाही. नव्या निविदेत १.३० लिहून मागा. जोर १.६९ पट धरला जातो, पण एकूण बांधकामाचा खर्च त्या प्रमाणात वाढत नाही.

पैसा कुठून येतो?

१५ व्या वित्त आयोगाने राज्याच्या आपत्ती निधीतला २० टक्के हिस्सा सौम्यीकरणासाठी वेगळा काढला. राज्याचा कोकण आपत्ती सौम्यीकरण प्रकल्पही आहे. प्रस्ताव जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. नुसता ठराव पाठवू नका. मागच्या पाच वर्षांत तीच मोरी किंवा तेच पंपघर दुरुस्त करायला किती खर्च झाला, ते पावत्यांसह जोडा. तो आकडा बहुतेकदा नव्या कामाच्या जवळ येतो आणि फाइल हलते.

वीज गेल्यावर घरचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर लावला तर कोणाला धोका आहे का?

लाइनमनच्या जिवाला. दोन टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटर घरच्या सॉकेटमध्ये लावला, की वीज मीटरमधून मागे लाइनवर जाते. रोहित्रातून उलटी जाऊन २३० व्होल्टचे ११,००० होतात. बंद समजून खांबावर चढलेल्या माणसाला ती मारते. चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर जोडू नका, आणि शेजाऱ्याने जोडलेला दिसला तर आधी बंद करायला लावा, मग वायरमनला फोन करा.